श्रीहरिकोट्याचं उड्डाण प्रत्यक्ष पाहायचंय

प्रश्न : मुलांना घेऊन श्रीहरिकोट्याला रॉकेटचं उड्डाण पाहायला जायचंय. कोल्हापूरहून कसं जावं? काय पथ्यं पाळावीत?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : जरूर जा! आधी नोंदणी, मग तिकिटं. उड्डाणाच्या काही दिवस आधी इस्रो प्रेक्षक गॅलरीची ऑनलाइन नोंदणी खुली करते. जागा भराभर संपतात, म्हणून सगळ्यांचे आधार क्रमांक हाताशी ठेवा. मूळ ओळखपत्र सोबत हवंच.

कोल्हापूरहून हरिप्रिया एक्सप्रेसनं तिरुपती गाठा, तिथून बसनं सुळ्ळुरुपेटा. श्रीहरिकोट्याला सर्वांत जवळचं स्टेशन तेच.

परतीचं तिकीट मात्र उड्डाणाच्या दिवसाचं काढू नका. चांद्रयान-2 चं उड्डाण 15 जुलै 2019 ला अवघी 56 मिनिटं उरली असताना थांबलं आणि 22 जुलैला झालं. निदान दोन दिवस हाताशी ठेवाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊस असतो, छत्री न्या.

ज्वाळा आधी दिसते, आवाज मागून येतो, किलोमीटरला साधारण 3 सेकंद. मुलांना सेकंद मोजायला सांगा, अंतर त्यांचं तेच काढतील. एलव्हीएम-3 (इस्रोचं वजनदार रॉकेट) असेल तर जमिनीवरून फक्त बाजूचे दोन घन-इंधन बूस्टर पेटतात. मधली द्रव-इंधन इंजिनं जवळजवळ दोन मिनिटांनी, आकाशातच सुरू होतात.

मोबाइलवर एक्स्पोजर आधीच कमी करून लॉक करा, नाहीतर ज्वाळेचा नुसता पांढरा डाग येतो. 7×50 ची (सातपट मोठं दाखवणारी, 50 मिमी भिंगाची) दुर्बीण पुरे. दिवसा ती सूर्याकडे चुकूनही वळवू नका.