वाळवंटात अकीक (अ‍ॅगेट, पट्टेदार शोभेचे दगड) वेचतात, तसे पुण्याजवळ वेचता येतील का?

येतील. वाळवंटात बारीक माती वाऱ्याने उडते आणि कठीण खडे मागे उरतात. आपल्याकडे हेच काम नद्या करतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या सोडल्या आणि त्यांत सिलिकाचे थर साचून अकीक तयार झाले. लाव्हा थिजून झालेल्या बेसॉल्ट खडकाचा मुरूम होतो, अकीक टिकतो. म्हणून टेकड्या उकरू नका. शिरूर-दौंडकडे घोड आणि भीमेच्या पात्रातले गोट्यांचे पट्टे धुंडाळा.

डिसेंबर ते फेब्रुवारी, कोवळ्या उन्हात, सूर्याकडे तोंड करून चाला. अकीकातून उजेड आरपार येतो, त्यामुळे त्याची कड उजळते. सूर्य पाठीशी असला की सगळे गोटे सारखेच करडे दिसतात. रंगामागे लागू नका, चांगला अकीक बाहेरून बहुधा मातकट आणि खडबडीत असतो. शंका आली तर ओला करून मागून टॉर्च धरा, पट्टे दिसतील. उजेड अडला आणि रंग विटकरी असेल तर तो बहुतेक जास्पर.

मग चाकूचं टोक दाबून ओढा. खनिजांच्या मोह्स मापकावर अकीकाची कठिणता ६.५ ते ७, त्यामुळे खाच पडत नाही. कॅल्साइट आणि स्टिल्बाइट या मऊ खनिजांवर पडते. चकचकीत करडी रेघ उठली तर ती चाकूच्या पोलादाची असते, नखाला खाच लागते का तेवढं बघा. हातोडा मारू नका, न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि पॉलिश करताना दगड फुटतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने ताम्रपाषाणयुगीन वसाहत उत्खनन करून उजेडात आणली. त्या लोकांची हत्यारं याच जातीच्या दगडाची, कॅल्सेडनीची होती. दोन्ही कडा समांतर असलेलं पातळ, धारदार पातं दिसलं तर फोटो घ्या आणि ते जागेवरच राहू द्या. उचललं की त्याची जागा आणि संदर्भ कायमचा जातो.

२०१५ पासून अकीक गौण खनिजांत, म्हणजे ज्यांच्या खोदकामावर सरकारचं नियंत्रण असतं अशा खनिजांत येतो, तेव्हा खोदकाम नको. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. धरणातून विसर्ग सुरू असेल तर पात्रात उतरूच नका.

पॉलिशसाठी टंबलर, म्हणजे दगड घोळवणारं फिरतं पिंप, दोन-तृतीयांश भरा. सिलिकॉन कार्बाइडची पूड आधी ८०, मग २२०, मग ५०० नंबरची (नंबर मोठा तशी पूड बारीक), प्रत्येकी साधारण आठवडाभर. शेवटी चकाकीसाठी सीरियम ऑक्साइडची पूड. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, पिंप आणि झाकणाची खोबण ब्रशने घासून धुवा. जाड पुडीचे चार कण जरी राहिले तरी शेवटच्या टप्प्यात ओरखडे उठतात आणि पुन्हा २२० पासून सुरुवात करावी लागते. तो गाळ मोरीत ओतू नका, सिमेंटसारखा घट्ट बसतो.