दाइम्यो: सरंजामदार, जहागीरदार की संस्थानिक?

प्रश्न असा आहे: जपानातल्या मितोचा दाइम्यो, म्हणजे तिथला मोठा मुलूख सांभाळणारा सरदार, तोकुगावा मित्सुकुनी (१६२८–१७०१) याच्यावर लेख लिहायचाय, तर 'दाइम्यो'ला मराठीत सरंजामदार म्हणावं, जहागीरदार की संस्थानिक?

आधी मूळ शब्द बघू. 'दाइ' म्हणजे मोठं, 'म्यो' म्हणजे नाव. पण हे नावलौकिकातलं नाव नव्हे. भातजमीन ज्याच्या नावावर लागे आणि साऱ्याची जबाबदारी ज्याच्यावर पडे, त्याच्या त्या जमिनीला 'म्योदेन' म्हणत. आपण 'सातबाऱ्यावर नाव चढलं' म्हणतो ना, त्याच जातीचं हे नाव. नावावर बख्खळ जमीन, तो दाइम्यो. तोकुगावा घराण्याच्या शोगुनांच्या, म्हणजे जपानच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, अमलात त्याचं मापही ठरलं: वर्षाला किमान १०,००० कोकू तांदूळ पिकेल एवढा मुलूख. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर.

सरंजाम म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला मुलूख. वेळ पडली की फौज घेऊन हजर होणं दाइम्योलाही चुकत नसे, म्हणून हा शब्द जवळचा वाटतो. पण 'सरंजामी'ला आता शिवीची कळा आलीय. तुमचा मित्सुकुनी पहिल्याच ओळीत खलनायक ठरेल. जहागीरदार तोकडा पडतो. दाइम्योचं स्वतःचं ठाणं, स्वतःचे कायदे, स्वतःचे कारभारी, वर शोगुन. माझं मत संस्थानिकाला.

शिवाय मित्सुकुनीची गोष्ट सांगायला लागणारे शब्दही त्याच घरातले आहेत. थोरल्या भावाला डावलून याला वारस नेमलं होतं. अठराव्या वर्षी त्यानं जुन्या चिनी इतिहासात बो यी आणि शू छी या भावांची हकिकत वाचली. दोघंही एकमेकांसाठी गादी सोडून निघून गेलेले. हा ओशाळला. पुढे थोरल्याच्याच मुलाला दत्तक घेऊन १६९० मध्ये गादी त्याच्या हवाली केली. 'गादी', 'दत्तक' हे शब्द संस्थानिकाशेजारी आपसूक बसतात.

एक सावधगिरी मात्र बाळगा. चीनमधली मिंग राजवट बुडाल्यावर जपानात आलेल्या चू शुन्श्वेइ या कन्फ्यूशियन पंडिताला मित्सुकुनीनं १६६५ मध्ये बोलावून घेतलं. तिथं 'पदरी ठेवलं' असं लिहू नका. पदरी नोकर असतात, शागीर्द असतात. मित्सुकुनी त्याला गुरू मानत असे. 'सन्मानानं बोलावून ठेवून घेतलं' एवढं पुरे.

आणि हो, 'मिटो' नको, 'मितो'च. टोकियोचा ट आता कोणी बदलणार नाही, पण नवी चूक कशाला?