आईला घेऊन सोलापूर : रोजचे किती धरू?

प्रश्न : ७६ वर्षांच्या आईला घेऊन दोन दिवस सोलापूरला येतेय. रोजचा खर्च किती धरू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, आधी आईंचं आधार कार्ड पर्समध्ये टाका. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट, तुम्हाला अर्धं तिकीट. अक्कलकोट, तुळजापूर स्वस्तात होतं. सिद्धेश्वराचं देऊळ नि भुईकोट किल्ला शेजारीशेजारी, एकच रिक्षा पुरते. जेवणाला मी दोघींचे रोज सहाशे धरते. लॉजचे वेगळे, संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत येत असाल तर खोली आधीच ठरवा. चादरी आणि शेंगाचटणीसाठी मात्र पहिल्याच दिवशी वेगळं पाकीट करा. माझी नणंद ‘नुसतं बघते’ म्हणत दुकानात शिरली, चार चादरी घेऊन बाहेर पडली आणि परतीच्या तिकिटाला माझ्याकडून उसने घेतले. अजून यायचेत!