वही लपवू नकोस

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू घरी आलास, चहा निवेपर्यंत कपाकडे पाहत बसलास आणि उठता उठता म्हणालास, ‘सर, मी ग्रुप सोडला, खोलीही बदलली. माझा रूममेट आता राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेच्या तयारीत आहे, मी पुन्हा पूर्वपरीक्षेच्या. आणि शेवटी तोही त्याच जागांसाठी बसलाय ना?’ तुझ्या एस.टी.ची वेळ झाली होती, म्हणून मी गप्प राहिलो. परंतु रात्री झोप आली नाही, कारण हेच वाक्य पंचवीस वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका माडीवर मी स्वतःशी बोललो होतो, आणि त्याची किंमत मी अजून फेडतो आहे.

मेहनत कर, धीर सोडू नकोस, असले काही मी लिहिणार नाही. पहाटे अभ्यासिकेचे कुलूप उघडण्याआधी दारात उभा राहणाऱ्या मुलाला ते सांगणे हा त्याचा अपमान आहे. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे : त्याच्यापासून वही लपवू नकोस.

आधी तुझा हिशेब पाहू. जागा काही शेकड्यांत असतात आणि अर्ज लाखांत येतात. त्या लाखांतला एक जण परवापर्यंत तुझ्या शेजारच्या कॉटवर झोपत होता. त्याला नोट्स न दाखवल्याने तुझ्या पुढची रांग किती कमी झाली? एका माणसाने. आणि तू गमावलेस काय? तुझ्या उत्तरातली खोट तोंडावर सांगणारा एकमेव माणूस. हा व्यवहार तुझ्या वडिलांनी बाजारात केला असता, तर तू त्यांच्याशी भांडला असतास.

त्यातून आता परीक्षा बदलली आहे. मध्यंतरी राज्यसेवेची मुख्य परीक्षा बहुतांशी वस्तुनिष्ठ होती; तेव्हा उत्तरतालिका समोर धरली की आपली चूक आपल्यालाच कळत असे. पुण्यातील विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर पुढे ढकलली गेलेली वर्णनात्मक पद्धत 2025 पासून लागू झाली : नऊ प्रश्नपत्रिका, लेखी 1750 गुण, मुलाखतीचे 275. स्वतः लिहिलेले उत्तर स्वतःला नेहमीच बरोबर वाटते, कारण कागदावर न उतरलेला भागही आपण मनातून वाचत असतो. परीक्षक तो वाचत नाही. मित्रही वाचत नाही, म्हणून मित्र हवा.

आमच्या वेळीही लेखी उत्तरेच होती. मी आणि माझा जोडीदार एक खोली आणि एक डबा वाटून घेत असू. सहा पोळ्यांतल्या तीन त्याच्या, तीन माझ्या, आणि महिनाअखेरीस डबा बंद झाला की दोघांचा उपास. त्या उपासात आम्ही टिकलो, ते शेजारचाही उपाशीच आहे हे दिसत असल्यामुळे. रोज रात्री दहानंतर आम्ही वह्यांची अदलाबदल करीत असू. एकदा ‘रोजगार हमी योजनेचे मूल्यमापन करा’ या प्रश्नावर मी दोन पाने भरली : 1972 चा दुष्काळ, वि. स. पागे यांची कल्पना, 1977 चा कायदा, सगळे क्रमवार. त्याने लाल शाईने खाली लिहिले : ‘ही माहिती आहे, उत्तर नाही. तुझी आई त्या दुष्काळात खडी फोडायला गेली होती असे तूच सांगितलेस. तिला वेळेवर मजुरी मिळाली का? त्या कामातून गावात काय उरले? ते इथे कुठे आहे?’ मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर पुन्हा लिहिले. आयुष्यात मी लिहिलेले ते पहिले खरे उत्तर.

त्याच वर्षी त्याची निवड झाली आणि माझी झाली नाही. त्याने जाताना आपल्या वह्या माझ्यासाठी ठेवल्या. मी त्या उघडल्या नाहीत. पुढची दोन वर्षे मी भिंतीकडे तोंड करून एकट्याने लिहिले. त्याने पहिल्या पगारातून मनीऑर्डर पाठवली, ती मी परत केली. त्याने पत्रात लिहिले की उत्तरे टपालाने पाठव, मी तपासून पाठवतो. त्या पत्राला मी उत्तरच दिले नाही. दोन्ही वेळा लेखी परीक्षेत मी थोडक्या गुणांनी राहिलो. गुणपत्रिका पाहिली तेव्हा कळले, मी पुन्हा माहितीच लिहीत होतो. लाल शाई नव्हती.

हे सगळे केवळ अहंकारापोटी घडले असे तू समजू नयेस. घरी दोन एकर कोरडवाहू, धाकट्या बहिणीचे लग्न ठरत नव्हते, आणि ज्याच्याबरोबर अर्धा डबा खाल्ला त्याच्याकडून पैसे घेणे मला शक्य नव्हते. मनीऑर्डर परत केली ते योग्यच केले, असे मला आजही वाटते. पण पैसे नाकारणे वेगळे आणि वही नाकारणे वेगळे, हे सांगणारे कोणी जवळ नव्हते. जो सांगू शकला असता त्यालाच मी दूर केले होते. पुढे मास्तरकी मिळाली आणि ती मी मनापासून केली. तुझ्यासारखी मुले भेटली. तरीही तहसील कचेरीच्या पायऱ्या चढताना आजही माझा पाय जड होतो.

तू म्हणशील, मित्र वेळ खातात. टपरीवर कट-ऑफची चर्चा करीत दोन तास घालवणारे टोळके मी मित्रांत धरतच नाही. ते आजच सोड. मी बोलतो आहे तो तुझी वही हातात घेऊन ‘हे पान फाडून टाक’ म्हणणाऱ्याविषयी. फर्ग्युसनच्या रस्त्याने तू रोज जातोस. डेक्कन कॉलेजात शिकताना टिळक आणि आगरकर यांनी वाद घालत घालतच आयुष्याची दिशा ठरवली. 1882 साली दोघे 101 दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, तिथेही त्यांचे वाद चालूच राहिले. आगरकरांच्या घरी दारिद्र्य होते, एम. ए. झाल्यावर भरल्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. ती वाट सोडून शाळा, वृत्तपत्रे आणि 1885 साली फर्ग्युसन महाविद्यालय उभे राहिले, ते एकमेकांच्या आधारावर. पुढे त्यांचे बिनसले, हे मला ठाऊक आहे आणि तूही ते तोंडावर फेकशील. बिनसले ते मुख्यतः सुधारणेच्या प्रश्नावर, उघड लिहून. एकाचा निकाल लागला आणि दुसऱ्याचा नाही, म्हणून खोली बदलून नव्हे.

आणि त्याचाही जरा विचार कर. तो आता नऊ प्रश्नपत्रिकांसमोर एकटा बसला आहे. त्यालाही वाचक हवा आहे, आणि तू खोली बदलून त्याचाही वाचक पळवला आहेस. निकालाच्या दिवशी तू त्याचे अभिनंदन केलेस का, हे मी रविवारी विचारले नाही, कारण उत्तर तुझ्या चेहऱ्यावर होते. ते राहिले असेल तर आधी ते कर. मग रोज एक उत्तर लिही, पूर्वपरीक्षेचा अभ्यास चालू असला तरी लिही, आणि त्याच्याकडून तपासून घे. मेसचे पैसे थकले असतील तर तेही त्याला सांग. वही लपवणारा माणूस पुढे भूक लपवतो, मग घरचे फोन टाळतो. हे मी ऐकीव सांगत नाही.

या पत्रासोबत माझी जुनी वही पाठवत आहे, रोजगार हमीचे ते पान आणि त्याखालची लाल शाई तशीच आहे. शाई फिकी झाली आहे, खिडकीजवळ धरून वाच. वही मला परत हवी आहे, पण ती टपालाने पाठवू नकोस. दिवाळीला दोघे मिळून या आणि घेऊन या.

तुझा,
सर