थायलंडहून आणलेला रांगचुएटचा चहा ‘डिटॉक्स’साठी रोज प्यावा का?

वहिनींनी बँकॉकहून आणलेला हा चहा आईंना रोज द्यावा का, त्यांना मधुमेहाची गोळी चालू आहे, असं तुम्ही विचारलंय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका.

मी बँकॉकमध्ये राहतो. इथे रांगचुएट (थनबर्जिया लॉरिफोलिया) ही निळ्या फुलांची वेल घराघरांत माहीत आहे. माझे सहकारी दारू जास्त झाली की दुसऱ्या दिवशी हमखास हाच चहा पितात. चव पचपचीत, वाळल्या गवतासारखी.

थायलंडच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत हा चहा आहे, पण ‘डिटॉक्स’साठी नाही. ताप उतरायला आणि आपण ‘उष्णता झालीय’ म्हणतो तसल्या तक्रारींवर. मात्रा 2 ते 3 ग्रॅम, 120 ते 200 मिली गरम पाण्यात, दिवसातून तीनदा जेवणाआधी. सोबत इशाराही आहे: मधुमेहींनी जपून घ्यावा, साखर एकदम खाली येऊ शकते, आणि इतर औषधं नेहमीची असतील तर ती शरीरातून लवकर बाहेर पडून त्यांचा असर कमी होऊ शकतो. विष बाहेर काढते म्हणून जिची ख्याती, तिला विष कुठलं आणि आईंची गोळी कुठली हे कसं कळणार?

ही ख्याती जुनी आहे. खेड्यांत ताजी पानं ठेचून किंवा मूळ उगाळून तांदळाच्या धुवणातून देतात. विषारी अळंबी, बाधलेलं अन्न, कीटकनाशक, सगळ्यांवर. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पानांच्या अर्काने काही विषांचा परिणाम कमी झालेला दिसला, पॅराक्वाटचासुद्धा. (थायलंडने 2020 साली त्या तणनाशकावर बंदीच घातली.) पण उंदीर वेगळा, माणूस वेगळा. यवतमाळात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, म्हणून मुद्दाम लिहितो: असं कधी झालं तर पाला उकळत बसू नका, तडक दवाखाना गाठा. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेवर उतारा अॅट्रोपिन हे औषध, आणि तो वेळेत मिळायला लागतो.

तुमचं स्वतःचं म्हणाल, तर धडधाकट असाल आणि औषधं नसतील तर कधीमधी कपभर घ्यायला हरकत नाही. त्याने ‘शरीर आतून स्वच्छ’ वगैरे होईल हे पाकिटावरचं बोलणं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं बिनबोभाट करतच असतात.

अजून एक. पाकीट संपल्यावर सोसायटीच्या कुंपणावरचा निळ्या फुलांचा वेल तोडून काढा करू नका. आपल्याकडे बागांतून जास्त दिसते ती हिची चुलतबहीण, थनबर्जिया ग्रँडिफ्लोरा. फुलं जवळपास सारखीच, पण तिची पानं रुंद, खरखरीत, कडेला कोनदार दात असलेली. रांगचुएटची लांबट, टोकदार आणि गुळगुळीत.