बँकेच्या ट्रस्टला नाही, जमिनीला घाबरा

मंदार,

तुमचे प्रश्न सगळे वाचले. पुण्यातला फ्लॅट विकून तुम्ही आणि मेधा मेक्सिकोत, युकातानच्या किनाऱ्यावर जागा घेणार, तिथे घर बांधणार आणि वर्षातले सहा-आठ महिने इथे राहणार. सोबत दोन जाहिराती पाठवल्यात. एक तेलचाक पुएर्तोजवळचा, थेट समुद्राला लागलेला प्लॉट. दुसरा तुलुमकडचा, त्याच्या निम्म्याहून कमी भावाचा. आणि मुख्य शंका अशी की जमीन बँकेच्या नावावर राहणार असेल तर ती आपली कशी?

ही शंका सगळ्यांनाच येते आणि खरं सांगायचं तर ती चुकीच्या जागी आहे. बँकेचा भाग या व्यवहारातला सगळ्यात सुरक्षित भाग आहे. माणसं बुडतात ती जमिनीत.

आधी बँकेचं उरकते. १८४६ ते १८४८ अमेरिकेशी झालेल्या युद्धात मेक्सिकोचा जवळजवळ अर्धा मुलूख गेला. तेव्हापासून सीमेवर आणि किनाऱ्यावर परक्यांची मालकी म्हटली की इथल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. १९१७च्या राज्यघटनेच्या २७व्या कलमात ते उतरलं: किनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सीमेपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला थेट मालकी नाही. त्यावर काढलेली कायदेशीर वाट म्हणजे फिदेइकोमिसो, एक प्रकारचा ट्रस्ट. परराष्ट्र खात्याची परवानगी घेऊन बँक विश्वस्त होते, तुम्ही लाभधारक. राहणं, बांधणं, भाड्याने देणं, विकणं, वारसाला देणं हे सगळे हक्क तुमचे. १९९३च्या परकीय गुंतवणूक कायद्याने मुदत ५० वर्षांची झाली आणि ती पुढे वाढवून मिळते. ही जमीन बँकेच्या मालमत्तेत धरली जात नाही. उद्या बँक बुडाली तर ट्रस्ट दुसऱ्या बँकेकडे जातो. याची वार्षिक फी साधारण ५०० ते १००० अमेरिकन डॉलर. करारातच मेधाला आणि मुलीला पर्यायी लाभधारक म्हणून घाला, म्हणजे तुमच्यामागे त्यांना इथल्या कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. "मेक्सिकन कंपनी काढा, ट्रस्टची गरजच नाही" असं कुणी सुचवलं तर कानाडोळा करा. या पट्ट्यात कंपनीला थेट जमीन मिळते ती राहण्याच्या घरासाठी नव्हे.

आणखी एक अट आहे, ती वाचून दचकू नका. या मालमत्तेबाबत आपल्या देशाच्या सरकारकडे संरक्षण मागणार नाही, असं लिहून द्यावं लागतं. अर्जेंटिनाचे कायदेपंडित कार्लोस काल्व्हो यांच्या नावाने ही अट ओळखली जाते. अमेरिकन लोकांना ती फार झोंबते. आपल्याला काय, आपली वकिलात तशीही मेक्सिको सिटीत.

आता तुलुमचा प्लॉट. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात "सेसिओन दे देरेचोस" लिहिलंय, ते बघितलंत का? म्हणजे विकणारा जमीन विकत नाहीये, जमिनीवरचा आपला हक्क तुमच्याकडे सोपवतोय, आणि तो हक्क एहिदोचा आहे. इथल्या १९१०च्या क्रांतीनंतर मोठमोठ्या जमीनदाऱ्या मोडून गावांना सामूहिक जमिनी दिल्या, त्या एहिदो. १९९२पर्यंत त्या विकताच येत नव्हत्या. आता येतात, पण आधी गावसभेचा ठराव, मग राष्ट्रीय कृषी नोंदणीत प्रक्रिया पूर्ण होऊन त्या तुकड्याला पूर्ण खाजगी मालकी मिळाली पाहिजे. तोपर्यंत परदेशी माणसाच्या हातातल्या त्या कागदाला रद्दीचा भाव. कूळकायद्याच्या जमिनीचा साठेकरार करून त्यावर बंगला बांधण्याइतकंच शहाणपणाचं काम आहे ते. बाहा कॅलिफोर्नियात, एन्सेनादाजवळच्या पुंता बांदात एहिदोकडून भाडेपट्ट्याने जागा घेऊन अमेरिकन निवृत्तांनी टुमदार घरं बांधली होती. ती जमीन मुळात एहिदोची नव्हतीच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयातून आला आणि २००० साली लोकांना सामान उचलून बाहेर पडावं लागलं. "पुढच्या वर्षी टायटल होणार आहे" हे वाक्य तुलुममध्ये रोज कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात मारलं जातं. झाल्यावर घेऊ म्हणावं.

तेलचाकचा प्लॉट कागदाने बरा दिसतोय. तरी नोतारियोकडून बोजा नसल्याचा दाखला, मालकीची साखळी आणि नगरपालिकेच्या मोजणीचा नकाशा मागा. इथला नोतारियो म्हणजे कोर्टाबाहेर टेबल टाकून शिक्का मारणारा नव्हे. तो राज्य सरकारने नेमलेला वरिष्ठ वकील असतो. खरेदीखत तोच करतो, दोन्ही बाजूंचे कर तोच कापून भरतो. त्याची निवड खरेदीदाराने करायची असते, तेव्हा विक्रेत्याच्या एजंटने सुचवलेला घेऊ नका. खरेदी कर, नोतारियोची फी, ट्रस्टचा खर्च मिळून किमतीच्या ५ ते ८ टक्के वर धरा.

आणि खतावर खरी रक्कम लिहून घ्या. विक्रेता म्हणेल, थोडी कमी दाखवू, दोघांचा फायदा. फायदा त्याचा एकट्याचा आहे. उद्या तुम्ही विकाल तेव्हा नफा त्या कमी आकड्यापासून मोजला जाईल, आणि इथे कर-रहिवासी नसाल तर एकूण विक्री किमतीवर २५ टक्के किंवा प्रतिनिधी नेमून निव्वळ नफ्यावर ३५ टक्के कर पडतो. बांधकामाचा खर्च नफ्यातून वजा करायचा तर प्रत्येक मोठ्या खर्चाचं तुमच्या करक्रमांकावरचं इलेक्ट्रॉनिक बिल, फाक्तुरा, हवं. मजुरी रोखीत दिली, सिमेंट ओळखीच्याकडून आणलं, तर कागदोपत्री घर बांधलंच नाही म्हणून समजा.

समुद्राला लागून म्हणजे नक्की कुठपर्यंत, हेही विचारा. भरतीच्या कमाल रेषेपासून आत २० मीटरचा पट्टा केंद्र सरकारचा, त्याला सोफेमात म्हणतात. तो विकला जात नाही, वापरायचा तर परवाना काढून दरवर्षी शुल्क भरायचं. किनारा तर सगळ्यांचाच. २०२०च्या दुरुस्तीनंतर लोकांची वाट अडवणाऱ्या किनाऱ्यालगतच्या मालकाला जबर दंड आहे. जाहिरातीतली चाळीस मीटर खोली ही रेषा धरून आहे की पाण्यापासून मोजलीय, ते स्वतः टेप लावून बघा. समुद्र सरकला की ही रेषाही आत सरकते.

आणि तो सरकतो. आमच्या किनाऱ्याची ठेवण अशी की पुढे समुद्र, मध्ये वाळूची अरुंद पट्टी, तिच्यावर रस्ता आणि घरं, मागे सिएनेगा, म्हणजे खारफुटीची दलदल आणि फ्लेमिंगो. वाळू इथे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. युकाल्पेतेनला बंदराचं तोंड बांधलं तशी ती अडली आणि पश्चिमेला चेलेम, चुबुर्नाचा किनारा झिजत गेला. तिथे भरतीच्या वेळी फिरून या. कुणाची पायरी पाण्यात, कुणाच्या पोहण्याच्या टाकीची भिंत हवेत लोंबकळतेय. मग प्रत्येक जण आपल्यापुरते दगड नाहीतर वाळूच्या गोण्या टाकतो आणि शेजाऱ्याची वाळू खातो. २००२च्या सप्टेंबरात इसिदोरे वादळ बरोबर तेलचाकच्या बाजूने जमिनीवर आलं होतं. त्याआधी १९८८ चं गिल्बर्तो. जुनी माणसं अजून वर्ष सांगताना "गिल्बर्तोच्या आधी की नंतर" असं विचारतात.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते: पहिली रांग सोडा, दुसऱ्या रांगेत घ्या. आमचं घर दुसऱ्या रांगेत आहे. गच्चीवरून समुद्र दिसतो, पाण्यापर्यंत चालत दोन मिनिटं, प्लॉट बराच स्वस्त, खिडक्या कमी गंजतात आणि सप्टेंबरात झोप लागते. पण रस्ता ओलांडून दलदलीच्या बाजूला मात्र जाऊ नका. तिथे भर टाकून केलेले प्लॉट फारच स्वस्त मिळतात. खारफुटीला कायद्याचं कडक संरक्षण आहे आणि पर्यावरण खात्याची माणसं येऊन कामाला सील ठोकतात. पुढच्या रांगेत वाळूचा उंचवटा सपाट करायलाही परवानगी लागते, आणि ती नसती लागली तरी करू नका. वादळाची पहिली लाट तोच झेलतो.

बांधकामाबद्दल तुम्ही फारच थोडं विचारलंय, आणि नाकी नऊ येतात ते तिथेच. इथे वीट नाही, सिमेंटचे पोकळ ब्लॉक. स्लॅबही आपल्यासारखा अख्खा ओतत नाहीत. विगेता म्हणजे तयार तुळया टाकतात, त्यांत बोवेदिया म्हणजे पोकळ ठोकळे बसवतात आणि वर पातळ थर ओततात. मिस्त्री, म्हणजे मायेस्त्रो, चांगला मिळाला तर निम्मी लढाई जिंकलीत. मजुरी दर शनिवारी दुपारी. ती एकदा चुकली तर सोमवारी माणसं येतील याचा भरवसा नाही. कामगारांची नोंद सामाजिक विमा संस्थेकडे झालीच पाहिजे; ठेकेदाराने टाळलं तर मालक म्हणून जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. ३ मे हा गवंड्यांचा सण. अर्धवट भिंतीवर फुलांनी सजवलेला लाकडी क्रूस उभा करतात आणि त्या दिवशी जेवण मालकाने द्यायचं असतं. मी पहिल्या वर्षी कोचिनिता पिबिल, म्हणजे इथल्या पद्धतीच्या डुकराच्या मांसाबरोबर साखरभात केला. मायेस्त्रोने केशराकडे संशयाने बघितलं आणि तीनदा वाढून घेतला.

गिलाव्याला चुकुम वापरा. चुकुमच्या झाडाची साल उकळून काढलेलं पाणी चुन्याच्या गिलाव्यात घालायची ही जुनी माया पद्धत. रंग लागत नाही, पाणी धरत नाही. गज मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: काँक्रीटचं आवरण पातळ राहिलं की खारी हवा आत शिरते, गज फुगतो आणि स्लॅबच्या खपल्या पडतात. किनाऱ्याची वाळू काँक्रीटमध्ये जाऊ देऊ नका, दगडाची भुकटीच वापरायला सांगा. बिजागऱ्या, स्क्रू, कड्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या. एसीचं बाहेरचं यंत्र समुद्राच्या बाजूला लावलंत तर बघता बघता त्याची चाळण होते.

मेधाने वास्तूचं विचारलंय. या किनाऱ्यावर समुद्र उत्तरेला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी नोर्ते नावाचे थंड वारे थेट तिकडूनच येतात, दोन-तीन दिवस दारं आपटत राहतात आणि वाळू फटीफटीतून स्वयंपाकघरात येते. तेव्हा मोठ्या काचा समुद्राकडे, पण वादळी झडपांसकट. बसायचा व्हरांडा आडोशाला. आणि मुख्य दार रस्त्याच्या बाजूला, म्हणजे दक्षिणेला. वास्तूवाले काय म्हणायचं ते म्हणोत.

नावाचं एक सांभाळा, यात आपली मराठी माणसं हमखास अडकतात. इथे प्रत्येकाला दोन आडनावं, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं, आणि फॉर्मवर तीन रकाने. समजा पासपोर्टवर सुनील वसंत जोशी असेल तर कारकून वसंतला पहिलं आडनाव करतो आणि जोशीला दुसरं. मग बँकेत तुम्ही सेन्योर वसंत, करखात्यात सेन्योर जोशी, आणि ही दोन वेगळी माणसं. प्रत्येक ठिकाणी पासपोर्ट पुढे करून सांगा: पहिलं आडनाव जोशी, दुसरा रकाना रिकामा. बायका इथे लग्नानंतर नाव बदलत नाहीत, त्यामुळे मेधाच्या कागदांवर माहेरचं आणि सासरचं अशी दोन नावं असतील तर ते आधीच निस्तरा. नोतारियो लग्नाचा दाखलाही मागू शकतो. त्यावर महाराष्ट्र शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल घेऊन या. स्पॅनिश भाषांतर इथल्या अधिकृत भाषांतरकाराकडूनच करावं लागतं.

पैशांचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत माणशी वर्षाला २,५०,००० डॉलर पाठवता येतात, म्हणजे तुम्हा दोघांचे मिळून पाच लाख. आर्थिक वर्ष बदललं की पुन्हा तेवढेच, त्यामुळे प्लॉट मार्चआधी आणि बांधकाम एप्रिलनंतर असं बसवता येतं. माणशी १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात, ते हिशेबात धरा. आधीच पाठवून ठेवू, मग निवांत प्लॉट शोधू, असं मात्र करू नका. पाठवलेली रक्कम १८० दिवसांत वापरली नाही तर परत आणावी लागते. भारतात रहिवासी असेपर्यंत हे घर दरवर्षी विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं.

घर घेतलं म्हणून राहण्याचा परवाना आपोआप मिळत नाही, तो अर्ज वेगळा. तुमच्याकडे अमेरिकेचा चालू व्हिसा आहे म्हणताय, तर त्यावर पर्यटक म्हणून या. जास्तीत जास्त १८० दिवस मिळतात, नक्की किती ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. फ्लॅट विकायच्या आधी या. तेलचाकमध्ये घर भाड्याने घ्या, सप्टेंबरचा उकाडा आणि डिसेंबरातला एखादा नोर्ते दोन्ही बघा. एप्रिलमधल्या फोटोंवर जाऊ नका, एप्रिलात हा किनारा कुणालाही भुलवतो. नोतारियोकडे मी सोबत येईन. फक्त येताना कोकम आणा, इथे सगळं मिळतं पण तेवढं मिळत नाही.