जीएलपी-१ रिसेप्टर रक्तातली साखर नेमकी कशी आटोक्यात ठेवतो?

अन्न आतड्यात उतरलं की तिथल्या काही पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक रक्तात सोडतात. त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखून पकडणारं प्रथिन, स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींच्या आवरणावर असतो. संप्रेरक त्याला चिकटलं की पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि इन्शुलिन जास्त सुटतं.

खरी गंमत पुढेच आहे. हा रिसेप्टर एकट्याच्या बळावर फारसं इन्शुलिन सोडवू शकत नाही. आधी पेशीत ग्लुकोज शिरून पोटॅशियमची दारं बंद व्हावी लागतात, कॅल्शियम आत यावं लागतं. मगच त्याचा जोर चालतो. साखर कमी असली की तो जवळपास गप्पच. म्हणूनच या रिसेप्टरवर काम करणारी औषधं एकटी घेतली तर साखर फार खाली जाण्याचा धोका कमी असतो. (सोबत इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली मधुमेहाची गोळी असेल तर मात्र जपून!) शिवाय साखर वाढवणारं ग्लुकागॉन हे संप्रेरक दबतं, पोटही सावकाश रिकामं होतं.

शरीरातलं जीएलपी-१ डीपीपी-४ या एन्झाइममुळे दोनेक मिनिटांतच निम्मं होतं. अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळालेलं, याच रिसेप्टरवर काम करणारं एक्सेनाटाइड हे औषध ज्या रेणूवरून बनलं, तो सापडला गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याकडे. हा रेणू डीपीपी-४ला दाद देत नाही.